रणजी संघात एक मुलगी

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर भारताच्या मुली विश्वचषकात इंग्लंडकडून चार धावांनी हरल्या. २८९ धावांचा पाठलाग होता, स्मृती मानधना ८८ वर गेली आणि हातातोंडाशी आलेला सामना निसटला. पुढचे काही दिवस विजय नगरात एक वाक्य फार ऐकू आलं. टर्फच्या हिरव्या जाळीत रात्री उशिरापर्यंत बॉक्स क्रिकेट खेळणारी मुलं, त्यांच्यासाठी बाहेर गाडीवर ताटकळणारे मित्र, पोह्याच्या ठेल्यावरचे काका, सगळे तेच म्हणत होते. ‘एकदा यांना आपल्या एमपीच्या रणजी टीमसमोर उतरवा, मग बघू.’ दोन नोव्हेंबरला नवी मुंबईत त्याच मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा आणि दोन बळी, दीप्ती शर्माचं अर्धशतक आणि पाच बळी. मग तीच मंडळी म्हणू लागली, ‘शफालीला आता मुलांच्या टीममध्ये घ्यायला हरकत नाही.’ आधीचा टोमणा होता, नंतरचं कौतुक. मोजायचा गज मात्र दोन्ही वेळा तोच.

हा गज चुकीचा आहे, असं म्हणून विषय मिटवणं सोपं आहे. पण ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्याला ते उत्तर पटत नाही, आणि त्याचं बरोबरही असतं. पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या संघात बाई खेळू शकेल का, हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. तेव्हा आधी गज लावून पाहू. तोही भारताच्या संघाला नको, आपल्या घरच्या संघाला. जून २०२२ मध्ये चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली ज्या मध्य प्रदेशाने बंगळुरूत मुंबईला हरवून रणजी करंडक आणला, त्या दर्जाच्या संघात कोणत्या जागेवर बाई बसेल?

सलामीपासून सुरू करू. इंदूरचाच आवेश खान ताशी १४० किलोमीटरच्या आगेमागे टाकतो. त्याच्या हातातून सुटलेल्या चेंडूला फलंदाजापर्यंत साधारण अठरा मीटर जायचं असतं. हिशेब केला तर सेकंदाच्या निम्म्याहूनही कमी वेळ हाती येतो. ११५ च्या वेगाला, म्हणजे महिला क्रिकेटमधल्या चांगल्या वेगवान गोलंदाजीला, याहून जवळजवळ एक दशांश सेकंद जास्त मिळतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण चेंडू सोडायचा की खेळायचा हे तेवढ्या वेळातच ठरतं. महिला क्रिकेटमध्ये मोजला गेलेला सर्वांत वेगवान चेंडू शबनिम इस्माइलचा, मार्च २०२४ मधल्या डब्ल्यूपीएलमधला, १३२.१ किलोमीटरचा. आवेशसाठी ते रोजचं काम आहे, तेही दिवसाच्या शेवटच्या षटकात, थकल्यावर.

तरीही फलंदाजीचं दार मी पूर्ण बंद मानत नाही. नजर आणि अंदाज यांना स्नायू लागत नाहीत. भारताच्या मुली नेटमध्ये पुरुष गोलंदाजांना आणि साइडआर्मने फेकलेल्या वेगवान चेंडूंना खेळतातच. शिवाय रणजी म्हणजे आयपीएल नव्हे. चार दिवसांच्या सामन्यात सलामीवीराचं पहिलं काम टिकण्याचं असतं. टिकण्याची गोष्ट इंदूरला कुणी शिकवायची गरज नाही. १९८६ मध्ये याच शहराच्या संध्या अग्रवालने इंग्लंडमध्ये वूस्टरच्या मैदानावर नऊ तासांहून अधिक उभं राहून १९० धावा काढल्या आणि १९३५ पासूनचा बेटी स्नोबॉलचा १८९ चा विश्वविक्रम एका धावेने मोडला. पण निवड समिती टिकणारी बाई शोधत नसते, रजत पाटीदारपेक्षा जास्त धावा काढणारं कुणीतरी शोधत असते. पाटीदारने २०२२ च्या त्या रणजी अंतिम सामन्यात शतक ठोकलं होतं. पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, बायकांचा १४० ते १५१ चा. पुरुषांची सीमारेषा ८२ मीटरपर्यंत लांब असू शकते, बायकांची ६४ पर्यंत. म्हणजे अंगावर येणारा चेंडू जड आणि वेगवान, आणि तो मारायचा जास्त लांब. तिथे शफालीचा जोरही अपुरा पडेल.

वेगवान गोलंदाजाच्या जागेबद्दल बोलण्यासारखं काही नाही. तिथे उत्तर नाही असंच आहे.

फिरकीवर मात्र थांबून विचार करावा लागतो. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी होळकर स्टेडियमवरच ऑस्ट्रेलियाच्या अलाना किंगने लेगस्पिनवर १८ धावांत सात बळी घेतले आणि दक्षिण आफ्रिकेचा अख्खा संघ ९७ धावांत गुंडाळला. ज्यांनी तो स्पेल पाहिला त्यांना ‘बायकांचं क्रिकेट’ हे दोन शब्द आठवायला सवड मिळाली नसेल. याच मैदानावर मार्च २०२३ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली होती. तेव्हा पहिल्या दिवशी भारत १०९ धावांत बाद झाला, पुढे नॅथन लायनने दुसऱ्या डावात ६४ धावांत आठ बळी घेतले आणि खेळपट्टीला आयसीसीने आधी ‘खराब’ शेरा दिला. तसल्या खेळपट्टीवर अलाना किंगने रणजीच्या फलंदाजांनाही नाचवलं असतं, असं मी बेधडक म्हणेन. अडचण अशी की खेळपट्ट्या रोज तशा नसतात. पुरुष फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतूनच वेगाने येतो, त्यामुळे फलंदाजाला मागे सरकायला वेळ मिळत नाही. हळू येणारा चेंडू कितीही वळला तरी मागच्या पायावर जाऊन तो खेळता येतो. म्हणून ही शक्यता मी बारीक मानतो, पण मानतो.

यष्टिरक्षणाची तऱ्हा वेगळी. इंग्लंडच्या सारा टेलरला तिच्या काळात स्टंपांमागची जगातली सर्वोत्तम हातांची जोडी लाभली होती, असं म्हणणाऱ्यांत पुरुष क्रिकेटपटूही होते. २०१५ मध्ये अ‍ॅडलेडच्या नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट्सकडून ती पुरुषांच्या फर्स्ट ग्रेड सामन्यात यष्टिरक्षक म्हणून उतरली. ऑस्ट्रेलियात तोवर कुणा बाईने ते केलं नव्हतं. पण आजच्या यष्टिरक्षकाला सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन सामना फिरवावा लागतो, नुसते हात पुरत नाहीत. पुन्हा फलंदाजीवर येऊन गाडी अडते.

तर गज लावून झाला. पुरुषांच्या वरच्या संघात आज बाई बसत नाही. कधीकाळी बसली तर ती लेगस्पिनर असेल किंवा फलंदाजीही येणारी असामान्य यष्टिरक्षक. हे कबूल करायला स्त्रीवाद आडवा येतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हात जोडतो. शरीराचा फरक हे वास्तव आहे, आणि त्यावरच तर वेगळा गट बेतलेला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीसीने पुरुष म्हणून वयात आलेल्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटमध्ये मज्जाव केला, त्यामागचा तर्कही हाच. त्या निर्णयाचे माणुसकीचे प्रश्न वेगळे आहेत आणि सोपे नाहीत. पण गट कशासाठी असतो हे त्यातून स्पष्ट होतं. वरून खाली यायला बंदी असते, खालून वर जायला नसते.

आता त्या उत्तराचा अर्थ काय लावायचा? कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ते ५७ किलो गटात लढले होते. त्याच ऑलिम्पिकमधल्या हेवीवेट मल्लापुढे त्यांना उभं केलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न गेल्या सत्तर वर्षांत महाराष्ट्रात कुणी विचारलेला नाही. वजनाचा गट म्हणजे कमअस्सल कुस्ती असं एकाही वस्तादाच्या मनात येत नाही. पुरुषापुरुषांतला शरीराचा फरक आपण इतक्या सहज नियमात बसवला की तो आता दिसतही नाही. बाई-पुरुषांतला फरक तेवढा प्रत्येक सामन्यानंतर नव्याने उकरून काढायचा, हा कुठला न्याय?

आणि उकरून काढला की त्याचं काय होतं, तेही कुस्तीनेच दाखवलंय. १९५४ मध्ये बडोद्यात हमीदा बानूने बाबा पहिलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चीत केलं. मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, अशी तिची जाहिरात असे. पण रामचंद्र साळुंके या मल्लाशी ठरलेली तिची लढत स्थानिक कुस्ती संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. एका कुस्तीत तिने पुरुषाला पाडलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. हरली असती तर ‘बघा, बाईच ती’, आणि जिंकली तर दगड. आपल्याकडे बाई-पुरुष सामन्याचा बहुतेक वेळा तमाशाच होतो. तमाशातून खेळाला काही मिळत नाही, तिकीटवाल्याला मिळतं. म्हणूनच ‘एमपी टीमसमोर उतरवा’ ही सूचना मला बिनकामाची वाटते. तिचा निकाल आधीच माहीत आहे आणि त्यातून कुणीच काही शिकणार नाही.

पण इथेच मला विजय नगरच्या काकांना उलटा प्रश्न विचारायचाय. बाया पुरुषांच्या क्रिकेटात नाहीत याचं कारण खरंच ताकद असेल, तर जिथे ताकद लागतच नाही तिथल्या खुर्च्या तरी बायकांनी केव्हाच भरल्या असत्या ना?

याचा दाखला इंदूरइतका चांगला दुसरीकडे मिळणार नाही. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, नावं घेत जावं तर दिवस सरेल. त्याच सी. के. नायडूंची मुलगी चंद्रा नायडू १९७७ मध्ये इथे झालेल्या मुंबई विरुद्ध एमसीसी सामन्याच्या समालोचनासाठी माइकसमोर बसली. क्रिकेटचं समालोचन करणाऱ्या भारतातल्या अगदी पहिल्या बायकांपैकी ती एक. समालोचनाला ना वेग लागतो, ना खांदा. लागतं ते खेळाचं ज्ञान, आणि ते तिला घरातच मिळालं होतं. पण त्या माइकसमोर बायकांची रांग लागायला पुढची कित्येक वर्षं जावी लागली.

पंचांचं घ्या. रणजी करंडक १९३४ मध्ये सुरू झाला. त्यात पंच म्हणून पहिल्यांदा बाया उभ्या राहिल्या जानेवारी २०२३ मध्ये. वृंदा राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन. अठ्ठ्याऐंशी वर्षं! पायचीत द्यायला दंडात किती बळ लागतं? नोबॉल बघायला उंची किती लागते? प्रशिक्षकांकडे पाहा. विश्वचषक जिंकलेल्या आपल्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार. भारताकडून एकही सामना न मिळालेला, पण प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा काढलेला मुंबईचा फलंदाज. त्यांचं काम उत्तम झालं, त्यात वादच नाही. पुरुषाने बायकांचा संघ घडवायचा, हे आपल्याला अगदी स्वाभाविक वाटतं. उलट दिशेने, एखाद्या रणजी संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी बाईच्या नावाची नुसती चर्चा तरी कुणी ऐकलीय? इंग्लंडमध्ये निवृत्तीनंतर सारा टेलरला ससेक्सने २०२१ मध्ये पुरुष संघाच्या यष्टिरक्षणाच्या प्रशिक्षणासाठी घेतलं. तिथेही ती बातमी झाली, पण काम झालं.

म्हणजे ताकदीचं कारण खरं आहे, पण ते अर्ध्याच जागांना लागू पडतं. उरलेल्या अर्ध्या जागांवर तेच कारण सवयीने पुढे केलं जातं. १९८६ च्या ज्या दौऱ्यात संध्या अग्रवालने १९० काढल्या, त्याच दौऱ्यात भारताच्या डायना एडलजीला लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये शिरू दिलं गेलं नाही. तिथे कुणी तिला चेंडू टाकायला सांगत नव्हतं. आत जाऊन बसायचं होतं फक्त. लॉर्ड्स ज्यांचं, त्या एमसीसीने बायकांना सदस्यत्व दिलं १९९८ मध्ये, आणि पुढे २०१७ मध्ये संध्या अग्रवालला सन्माननीय आजीव सदस्य केलं. सुधारणा होते, पण हे सगळं व्हायला लागलेली वर्षं कुठल्याही स्पीडगनवर मोजता येत नाहीत.

संध्या अग्रवालचाच आकडा पुन्हा पाहा. कारकीर्द १९८४ ते १९९५, धावांची सरासरी पन्नासच्या वर, शतकं चार, आणि कसोट्या किती? तेरा. मिताली राजला दोन दशकांहून लांब कारकिर्दीत बारा. २०१४ नंतर २०२१ पर्यंत भारताच्या मुली एकही कसोटी खेळल्या नाहीत. बायकांच्या देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांची स्पर्धा मध्ये बंद पडली ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आणि आपण विचारतो, चार दिवसांच्या रणजी सामन्यात ही टिकेल का! जिला चार दिवस खेळूच दिलं नाही तिला हे विचारायचं म्हणजे विहीर बुजवून पोहण्याची परीक्षा घ्यायची. त्याआधी नीट वापरून पाहावं असं दुसरं माप आहे: तिला वर्षाला किती सामने मिळतात.

मुलामुलींनी एकत्र खेळण्याचा खरा मुद्दा मला इथून खाली दिसतो. रणजीत नव्हे, तेरा-चौदाच्या वयात. वयात येईपर्यंत मुलामुलींच्या ताकदीत फारसा फरक नसतो, काही मुली तर उंचीने पुढे असतात. शफाली वर्माला रोहतकात मुलींसाठी अकादमी मिळेना, तेव्हा वडिलांनी तिचे केस कापून तिला मुलांत पाठवलं. एकदा आजारी भावाच्या जागी ती मुलांच्या स्पर्धेत उतरली आणि मालिकावीर ठरली. सांगलीच्या स्मृती मानधनाने बॅट हातात घेतली ती महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघातून खेळणाऱ्या भावाला बघून. विश्वचषक जिंकलेल्या संघाची पायाभरणी थोडीफार मुलांच्या मैदानांवरच झालीय, फक्त ती चोरून-मारून, कुणाच्या तरी कृपेने झाली. केस कापावे लागले, हीच त्या गोष्टीतली शरमेची बाजू आहे, आणि आपण ती कौतुकाने सांगतो.

वय वाढल्यावरही क्लबच्या पातळीवर दार उघडं ठेवता येतं. इंग्लंडची केट क्रॉस २०१५ मध्ये सेंट्रल लँकेशायर लीगमध्ये हेवूड क्लबकडून पुरुषांबरोबर खेळली आणि एका सामन्यात तिने आठ बळी घेतले. बाद झालेल्या आठ पुरुषांचं काय झालं? पुढच्या शनिवारी ते पुन्हा खेळायला आले असणार. क्लब लीग म्हणजे कसोटी नव्हे. तिथे पोट सुटलेला पन्नाशीचा ऑफस्पिनरही असतो आणि सोळा वर्षांचा पोरगाही. त्या खिचडीत एका चांगल्या मुलीला जागा नाही असं म्हणणारा माणूस क्रिकेट वाचवत नसतो, दुसरंच काहीतरी वाचवत असतो.

यावर बायकांच्याच बाजूने एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. चांगल्या मुली मुलांच्या संघात गेल्या तर मुलींचे संघ पोकळ होतील. एकीला चांगला सराव मिळेल आणि दहाजणींना चांगली प्रतिस्पर्धी मिळणार नाही. मुलांत खेळते तीच खरी, बाकीच्या दुय्यम, असा नवा गजही तयार होईल. हे मला मान्य आहे. म्हणून मुलीने मुलांच्या संघात खेळावं ते मुलींचा संघ सोडून नव्हे, त्याच्या जोडीला. राज्याच्या मुलींच्या संघाचा सामना असेल तेव्हा तिथे हजर राहणं आधी, बाकीचे शनिवार-रविवार मुलांच्या लीगमध्ये. यात वेळापत्रकाची कटकट आहे, पण मुलांच्या शाळा-परीक्षा-स्पर्धांची याहून मोठी कटकट प्रशिक्षक दर वर्षी निस्तरतातच. सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. सीझन बॉल नाकावर बसला तर मुलगा असो की मुलगी, हाड मोडतंच. हेल्मेट दोघांनाही तेच.

आणि मग मैदानापर्यंतचा रस्ता. २३ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी ऑस्ट्रेलियाच्या संघातल्या दोघीजणी विजय नगरलगतच्या रिंग रोडवरच्या हॉटेलातून कॅफेकडे पायी निघाल्या होत्या. मोटारसायकलवरच्या एका माणसाने त्यांचा पाठलाग केला, अंगचटीला गेला. त्याला अटक झाली. राज्यातल्या एका मंत्र्यांनी खेळाडूंनीही यातून धडा घ्यावा, बाहेर पडताना स्थानिक प्रशासनाला कळवावं, असं सुचवलं. दोनच दिवसांनी त्याच संघाने होळकर स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ९७ धावांत उखडलं. खेळातली हुशारी आणि रस्त्यावरची सुरक्षितता यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे इतकं लख्ख क्वचित दिसतं. तेव्हाच्या जगज्जेत्या संघाची खेळाडू दिवसाढवळ्या कॅफेपर्यंत चालत जाऊ शकत नसेल, तर इंदूरच्याच स्कीम नंबर ७४ या वस्तीतल्या चौदा वर्षांच्या मुलीची आई तिला संध्याकाळच्या नेटला एकटी पाठवेल का? तिचा भाऊ किटबॅग स्कूटीवर टाकून जातो आणि साडेआठला परत येतो. तिला न्यायला-आणायला कुणी मोकळं असेल त्या दिवशीच तिचा सराव. वर्षाकाठी त्यातून किती चेंडू कमी होतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही, पण सोळाव्या वर्षी निवड चाचणीत तो बरोबर दिसतो. तेव्हा मात्र आपण त्याला ताकदीचा फरक म्हणतो.

म्हणून माझी मागणी रणजी निवड समितीकडे नाही. इंदूर डिव्हिजन क्रिकेट असोसिएशनकडे आणि गल्लोगल्लीच्या अकादम्यांकडे आहे. तेरा आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांत पात्र मुलीचं नाव लिहायला बिनशर्त परवानगी द्या, आणि ती परवानगी कागदावर, नियम म्हणून द्या, कुणा सरांच्या मर्जीवर नको. त्या सामन्यांना एक बाई पंच पाठवा. शाळेच्या मैदानावरचा सराव मुलींसाठी सकाळी ठेवा, किंवा संध्याकाळचा ठेवायचा असेल तर ने-आण करणाऱ्या गाडीसकट ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला आवेश खानचा वेग लागत नाही. आणि पुढच्या वीस वर्षांत कधी खरोखरच एखादी लेगस्पिनर मध्य प्रदेशच्या रणजी संघाच्या यादीत आलीच, तर ती चौदाव्या वर्षी दर शनिवारी मुलांना गोलंदाजी टाकत आलेली असेल, एवढी पैज मी लावायला तयार आहे.